चिठ्ठी नको, उपचार सुरू करा

(पडेगाव, छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर कापसाची खरेदी आहे, पीकविम्याची रखडलेली भरपाई आहे, जळालेली रोहित्रे आहेत. चौथा विषय 'दारू आणि दवाखाना' असा वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या. दारूवर बोलायला कीर्तनकार आहेत, गावोगावच्या बाया आहेत. शेतीमालाच्या भावावर बोलणाऱ्यांचे तिथे काय काम, असा सवाल आमच्या कानावर आला. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे: शेतकऱ्याने जीव दिला की पंचनाम्याला येणारा पहिला प्रश्न विचारतो, 'पीत होता का?' घरच्यांनी मान हलवली की कर्ज, भाव, पावसाचा खंड सगळे कागदावरून पुसले जाते. मग आपणच आपल्या तोंडाने दारूचे नाव काढले तर सरकारच्या हाती आयते कोलीत मिळेल.

भीती खरी आहे. पण तिच्यापोटी गप्प बसण्याची किंमत कोण देतो ते पाहा. दारूमुळे शेती तोट्यात जात नाही. शेती तोट्यात का जाते त्याचा हिशेब आपण वर्षानुवर्षे मांडत आलो आहोत, त्यात आज काडीचाही बदल करायचा नाही. मात्र ज्याला दारूचा रोग जडला, त्याच्या कापसाला उद्या दुप्पट भाव मिळाला तरी तो रोग जात नाही. भावाचा लढा आणि उपचाराचा लढा दोन्ही आपलेच आहेत. एक लढतो म्हणून दुसरा सोडता येत नाही.

हिशेब काय सांगतो?

जून २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने दारूवरचा कर वाढवला. देशी दारूच्या १८० मिलिच्या बाटलीची, म्हणजे क्वार्टरची, किंमत किमान ८० रुपये ठरली. रोजची एक क्वार्टर धरा. वर्षाचे २९,२०० रुपये होतात. २०२५-२६ सालचा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव आहे क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे रोजच्या एका क्वार्टरला पावणेचार क्विंटलांहून थोडा जास्त कापूस लागतो, आणि तोही हमीभाव खरोखर हातात पडला तर. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल कापूस घरात आला तर आपण वर्ष बरे गेले म्हणतो. तेव्हा एका एकराची कपाशी अख्खी बाटलीत गेली. ज्वारीवाल्यांनी ज्वारीने मोजावे. संकरित ज्वारीचा त्याच सालचा हमीभाव ३,६९९ रुपये. आठ क्विंटलांना थोडी कमी पडेल इतकी ज्वारी. ज्याला एक क्वार्टर पुरत नाही त्याचा हिशेब त्याच्या बायकोला विचारा. तिच्या कानातले कधी गेले, शेळी कधी विकली, ते तिला तारीखवार पाठ असते.

आता दुसरी बाजू. दारूवरच्या उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटी रुपयांच्या वर भर पडते. याच राज्याने २००७ साली ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदान देण्याचे धोरण आणले होते. ज्वारी खाणाऱ्याला आणि पिकवणाऱ्याला देण्यासाठी पैसा नव्हता; ज्वारीची दारू करणाऱ्याला देण्यासाठी निघाला.

दारूचे वाटप वाडीवस्तीपर्यंत पोचलेले आहे. सरकारमान्य दुकान नसेल तर मोटारसायकलच्या डिकीतून माल येतो. पण त्या दारूने आजारी पडलेल्या माणसाचा उपचार मात्र जिल्ह्याच्या गावाच्या अलीकडे येत नाही. कालव्याचे पाणी वरच्या अंगाला उसात मुरते आणि टेलच्या गावाला नुसती चारी दिसते, तसाच हा प्रकार आहे.

हे आम्ही अंदाजाने बोलत नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी माणसे दारू पितात. त्यांतल्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांचे पिणे मदत लागण्याच्या थराला गेलेले आहे. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी कोणता ना कोणता उपचार मिळाला तो फक्त एकाला. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळाला तो १८० जणांत एकाला. कपाशीच्या १८० झाडांना रोग लागला आणि फवारणी एका झाडावर झाली, तर त्याला आपण पीक संरक्षण म्हणू का?

हा रोग आहे, आणि टारफुल्यासारखा आहे

आमचे शिक्षण शेतकीचे. आम्ही डॉक्टर नाही. तेव्हा आपल्याच शिवारातले उदाहरण घेतो.

ज्वारीवाल्यांना टारफुला सांगायला नको. जमिनीवर त्याचे रोप दिसते तोवर खाली मुळाला चिकटून त्याने ज्वारीचे सत्त्व ओढून घेतलेले असते. ताटे सुकतात, वाटते पाणी कमी पडले. उपटला तरी त्याचे बारीक बी मातीत दहा-पंधरा वर्षे जिवंत राहते आणि ज्वारी आली की पुन्हा उठते. म्हणून कोणी ज्वारीच्या ताटाला जोडे मारतो का? आपण फेरपालट करतो. त्या रानात कापूस घेतो, कारण कापसाच्या मुळाच्या रसाने टारफुल्याचे बी उगवते पण त्याला कापसाचे मूळ धरता येत नाही, आणि ते मरून जाते. तरी पुढची कित्येक वर्षे रानावर नजर ठेवतो.

दारूचा रोग असाच आहे. बाहेर दिसतो तेव्हा आत फार पुढे गेलेला असतो. एकदा सोडली म्हणजे कायमची सुटली असे होत नाही. वर्षाने, दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाली तर तो माणूस खोटा होता असे ठरत नाही. रोगाचे बी शिल्लक होते, एवढाच त्याचा अर्थ. मधुमेहाची गोळी थांबवली की साखर वाढते, त्यावर आपण कोणाला शिव्या देत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत पाहिजे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर जिवाला धोका असतो. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जण भ्रमतात: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात, अंगात ताप भरतो. गावात म्हणतात बाहेरचे झाले, आणि माणूस देवऋष्याकडे जातो. ही बाधा नाही. मेंदूला दारूची सवय झालेली असते, ती काढून घेतल्यावर तो असा उसळतो. यावर औषध आहे. योग्य शामक औषध आणि ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायमिनचे, इंजेक्शन वेळेवर मिळाले तर बहुतेक माणसे वाचतात. उपचार न झाल्यास यात मृत्यू येऊ शकतो. 'अशक्तपणा आहे, ग्लुकोजची सलाइन लावून घ्या' असा सल्ला गावोगाव मिळतो. रोज पिणाऱ्याला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरला पिण्याचे खरे प्रमाण सांगा. लाजू नका.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दारूची दुकाने सुमारे चाळीस दिवस बंद राहिली. त्या दिवसांत बंगळुरूच्या दवाखान्यांत फिट आलेले, भ्रमलेले रोगी वाढले. केरळात तर सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. धडा सरळ आहे. दुकान बंद करणे आणि रोग बरा करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

हे आमच्या मायबहिणींसाठी मुद्दाम सांगतो. तुम्ही 'आडवी बाटली'ला मते देऊन दुकान बंद पाडता, ते धैर्याचे काम आहे आणि आम्ही तुमच्या बाजूला उभे आहोत. पण दुकानाला कुलूप लागेल त्या आठवड्यात गावातल्या रोज पिणाऱ्यांसाठी डॉक्टर आणि औषध यांची तजवीज झालेली असली पाहिजे. आणि एक विनंती. 'न सांगता दारू सोडवा' अशी भिंतीवर जाहिरात असते, ती पुडी जेवणात कालवू नका. दारू सोडवण्याचे एक खरे औषध असे आहे की ते पोटात असताना माणूस प्यायला तर त्याला भयंकर त्रास होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. पुडीत काय आहे हे जाहिरातवाला सांगत नाही.

रात्रीच्या वेळी उघडे असलेले एकच दार

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपला माणूस 'दारू सोडायची आहे' म्हणून आपण होऊन दवाखान्यात जात नाही. तो उचलून नेला जातो. मोटारसायकलवरून पडतो म्हणून, रक्ताची उलटी झाली म्हणून, फिट आली म्हणून, फवारणीचे औषध प्यायला म्हणून. रात्रीच्या वेळी त्याच्यासाठी उघडे असते ते एकच दार, अपघात विभागाचे, ज्याला आपण कॅज्युअल्टी म्हणतो. दारूच्या रोग्याची आणि डॉक्टरची पहिली गाठ तिथे पडते आणि बहुतेकदा तीच शेवटची ठरते.

समजा, सोयगाव तालुक्यातला एक चाळिशीचा कपाशीवाला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीवरून पडला. १०८ ची गाडी आली. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. ग्रामीण रुग्णालयातून शहरात पाठवले. तोंडाला वास होता म्हणून 'उतरली की बरा होईल' असे कोणी म्हणाले. वास आला म्हणजे डोक्याला मार नाही किंवा रक्तातली साखर उतरलेली नाही असे कोण सांगणार? चला, टाके पडले, हाड बसवले. दुसऱ्या रात्री तो बडबडू लागला, खाटेवरून उठू लागला. त्याचे हात बांधले. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडताना कागदावर एक ओळ लिहून दिली: 'मानसोपचार विभागात दाखवावे.'

ती चिठ्ठी घेऊन तो पुन्हा कधी येईल? घाट चढून यायचे, येण्याजाण्याचे भाडे, दोघांची दिवसाची मजुरी, रांग, आणि 'दारुड्या' हा शिक्का. वेचणीचे दिवस तोंडावर. चिठ्ठी खिशात विरते. सहा महिन्यांनी तोच माणूस त्याच दारातून पुन्हा आत येतो, या वेळी पिवळ्या डोळ्यांनी. तालेवाराचा मुलगा याच रोगाने आजारी पडला तर खासगी दवाखान्यात 'लिव्हरचा त्रास' म्हणून खोली घेतो. रोग एकच. एकाला खोली आणि दुसऱ्याला चिठ्ठी.

घरचे लोक खरे सांगत नाहीत याचेही कारण आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय पिणे आजही गुन्हा आहे, आणि अपघाताची केस पोलिसांकडे जाते. शेतकऱ्यांच्या अपघाताच्या सरकारी योजनेत दोन लाखांची मदत आहे, पण नशेच्या अंमलाखाली झालेला अपघात त्यातून वगळलेला आहे. मग बायको डॉक्टरला म्हणते, 'नाही हो, ते घेत नाहीत.' दोन लाख वाचवण्यासाठी ती जी गोष्ट लपवते, ती कळल्याशिवाय डॉक्टरला त्याचा जीव वाचवणे अवघड होते. गरिबाला असा पेच घालणारी व्यवस्था न्यायाची नाही.

अपघात विभागातल्या डॉक्टरांनी काय शोधले?

आपत्कालीन वैद्यक ही वेगळी शाखा म्हणून आपल्या देशात २००९ साली मान्य झाली. अमेरिकेत ती जुनी आहे. तिथल्या येल विद्यापीठाच्या अपघात विभागाच्या डॉक्टर गेल डोनोफ्रिओ यांनी हाच चिठ्ठीचा प्रश्न हाती घेतला. तिथे अफूच्या जातीच्या नशेने हाहाकार माजवला होता. दवाखान्यात आलेल्या अशा ३२९ रोग्यांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्याला नुसती चिठ्ठी, म्हणजे उपचाराच्या ठिकाणांचे पत्ते दिले. दुसऱ्याशी दहा-पंधरा मिनिटे नीट बोलून, पुढची भेट ठरवून दिली. तिसऱ्या गटाशी बोलणे तर केलेच, पण औषधही तिथल्या तिथे, अपघात विभागातच सुरू केले आणि पुढे साध्या बाह्यरुग्ण डॉक्टरकडे चालू ठेवले. तीस दिवसांनी पाहिले. चिठ्ठीवाल्यांतले शंभरातले ३७ उपचारात होते, बोलून भेट ठरवून दिलेल्यांतले ४५, आणि जागेवर औषध सुरू केलेल्यांतले ७८. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला.

ते औषध अफूच्या नशेचे आहे, दारूचे नाही. पण दाराची गोष्ट सारखीच आहे. माणूस घाबरलेला आहे, बायको शेजारी बसली आहे, 'आता पुरे' असे त्यालाही वाटते आहे, त्या घटकेला उपचार सुरू करायचा की सोमवारी ये म्हणायचे? वाफसा आला की पेरणी करतात. जमीन वाळल्यावर तिफण घेऊन कोण जातो?

आणि तिथेही टेलचा प्रश्न सुटलेला नाही. हेच औषध पुढे कोणाला मिळाले याची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. ते बहुतांशी गोऱ्यांना, आणि खासगी विमा असणाऱ्यांना किंवा रोख पैसे भरणाऱ्यांना मिळत होते. काळ्या लोकांना फारच कमी. म्हणजे औषध सापडले तरी ते टेलपर्यंत आपोआप जात नाही. पाणी आहे तेवढ्याने भागत नाही, पाळी ठरवावी लागते, आणि पाळीसाठी भांडावे लागते. म्हणून हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही, आपल्यासारख्यांचाही आहे.

जवळचे दाखले

कोणी म्हणेल, अमेरिकेचे राहू द्या, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक डॉक्टर मिळायची पंचाईत, तिथे मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार? याचे उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथे 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. अपायकारक पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीची सेवा दिली, निम्म्यांना तिच्या जोडीला चार बैठकांपर्यंतचे समुपदेशन. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या. त्याच भागातली शिकलेली साधी माणसे होती, त्यांना प्रशिक्षण दिले होते. तीन महिन्यांनी पाहिले तर नेहमीच्या सेवेत शंभरातले १८ जण दारूपासून पूर्ण दूर होते, समुपदेशनाच्या गटात ४२. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांचे पिणे अगदी टोकाला गेले आहे, ज्यांना फिट येते, त्यांना एवढ्याने भागणार नाही, त्यांना डॉक्टर आणि औषध पाहिजेच. पण जो अजून बांधावर आहे, पुरता रानात शिरला नाही, त्याच्यासाठी गावातला बारावी शिकलेला मुलगा किंवा मुलगी पुरते.

दुसरा दाखला गडचिरोलीचा. तिथे लोकांच्या चळवळीतून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. पण नुसत्या बंदीवर तिथले लोक थांबले नाहीत. डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम चालवला. त्यात गावाची संघटना आहे आणि तिच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावात उपचाराची शिबिरे आहेत. रोग्याने जिल्ह्याला जायचे नाही, उपचाराने तालुक्यात आणि गावात यायचे. आपल्याला हवे ते हेच.

तिसरा दाखला पुण्याचा. डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्यात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाची मदत केली. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नाही, रोगी आहे, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकवले त्यांत मुक्तांगणाचे नाव वर आहे. मात्र पस्तीस दिवसांचा मुक्काम कोरडवाहू शेतकऱ्याला कधी जमेल? पेरणी, खुरपणी, फवारणी, वेचणी, मग ज्वारीची काढणी. एकट्या माणसाचे घर पस्तीस दिवस कोण सांभाळणार? ज्याला गरज आहे त्याने जावेच. आपण शेजाऱ्यांनी त्याच्या रानात दोन पाळ्या घालाव्यात. पण सगळ्यांना ते शक्य नाही, म्हणून घराजवळचा उपचार हवा.

कायदा आपल्या बाजूला आहे

आपण भीक मागत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचा. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून होणारे विकार त्यात मानसिक आजार म्हणून धरलेले आहेत. कलम १८ प्रमाणे सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि यादीतली आवश्यक औषधे फुकट मिळाली पाहिजेत. कलम २१ म्हणते की मानसिक आजाराच्या रोग्याला तातडीची सेवा शरीराच्या आजाराइतक्याच दर्जाची मिळाली पाहिजे, रुग्णवाहिकासुद्धा. 'आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही' हे उत्तरही पुरे पडत नाही. जिवाला धोका असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रोग्याचा प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. आणि दारू सुटलेली टिकवण्यासाठी उपयोगी पडणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दोन औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घातली आहेत.

म्हणून मागणे पुढीलप्रमाणे

एक. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी अपघात विभागात आणि ग्रामीण रुग्णालयात दारूच्या रोग्याचा उपचार त्याच मुक्कामात सुरू व्हावा. थायमिन, शामक औषध, पंधरा मिनिटांचे बोलणे आणि पुढच्या भेटीची तारीख घेऊनच माणूस घरी जावा. नुसती चिठ्ठी चालणार नाही.

दोन. ती पुढची भेट शहरात नको. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी या कामाचा एक ठरलेला वेळ असावा, आणि गावातल्याच प्रशिक्षित माणसाला त्याचे मानधन मिळावे. बाजाराला आलेला माणूस कशासाठी आत गेला हे कोणी विचारत नाही.

तीन. डॉक्टरला दारूबद्दल खरे सांगितले म्हणून कोणाचीही अपघाताची मदत बुडू नये. योजनेतले ते कलम बदलावे.

चार. दारूच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा ज्या तालुक्यातून तो गोळा झाला त्याच तालुक्यात उपचारावर खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. पैसा आपल्याच खिशातून गेला आहे.

सरकारने करायचे ते हे. आपण करायचे तेही सांगतो. पिणाऱ्याला खांबाला बांधणे, दंड लावणे, त्याच्या गळ्यात चपलांची माळ घालणे हे प्रकार आपल्या एकाही गावात होऊ देऊ नका. अपमानाने माणूस दारू सोडत नाही, लपून पितो. प्रत्येक गाव शाखेने दोन माणसे नेमावीत, त्यांत एक बाई असावी. कोणी दाखल झाला तर या दोघांपैकी एकाने त्याच्याबरोबर जावे, डॉक्टरला पिण्याचे खरे प्रमाण सांगावे, उपचार सुरू झाला का ते पाहावे आणि पुढच्या भेटीला त्याला सोबत न्यावे. गावात संशयास्पद दारू पिऊन कोणाला अंधुक दिसू लागले, पोटात कळ आली, तर झोपवून ठेवू नका. सगळ्या पिणाऱ्यांना ताबडतोब हलवा. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. मिथेनॉलचे विष उशिरा चढते, सकाळपर्यंत वाट पाहणाऱ्याचे डोळे जातात. आणि कोणी जिवावर उदार झाल्यासारखे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा सरकारचा मोफत फोन आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. तो नंबर घरात, गोठ्याच्या भिंतीवर, जिथे नजर जाईल तिथे लिहा.

तीन महिन्यांनी पुन्हा बैठक होईल. येताना प्रत्येक शाखेने चारच गोष्टी लिहून आणाव्यात. नावे नकोत, आकडे हवेत: गावातले किती जण या काळात अपघात विभागात गेले, त्यांतल्या किती जणांना नुसती चिठ्ठी मिळाली, किती जणांचा उपचार तिथेच सुरू झाला, आणि किती जण अजून उपचारात आहेत. हे आकडे घेऊन आपण जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. कापसाच्या काट्यातली मापातली चोरी आपण वजनाने सिद्ध केली होती. ही चोरीही मोजूनच सिद्ध करावी लागेल.

आता कापूस खरेदीच्या विषयाकडे वळू.